कधी फिरतो, कधी नाही: गाडीच्या रेडिएटर फॅनचा दोष कसा पकडायचा

मे महिन्यातली दुपार होती. जालन्याहून परभणीला येताना वाटूर फाट्यापर्यंत गाडी अगदी शांत चालली. मंठ्यात बाजाराच्या गर्दीत अडकलो, दहा मिनिटं गाडी जागच्या जागी उभी राहिली आणि तापमानाचा काटा मधल्या रेघेवरून वर सरकायला लागला. एसीतून गरम हवा यायला लागली. बॉनेट उघडलं तर रेडिएटरमागचा फॅन ठप्प. गाडी बंद करून रसवंतीवर अर्धा-पाऊण तास बसलो, परत चावी फिरवली, आणि थोड्या वेळाने फॅन गरगर फिरायला लागला. परभणीत मिस्त्रींना दाखवली. त्यांनी बराच वेळ गाडी चालू ठेवली. फॅन तीनदा लागला, तीनदा बंद झाला. “साहेब, चांगला फिरायलाय की,” ते म्हणाले. आणि त्या घडीला ते खरंच होतं.

असं दोन महिने चाललं. तेवढ्या काळात सेन्सर बदलला, रिले बदलला, थर्मोस्टॅटसुद्धा बदलला. शेवटी दोष निघाला फॅनच्या कपलरमधल्या (वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडातल्या) एका सैल पिनेत.

कायमचा बंद पडलेला फॅन कुणीही शोधून काढतो. अधूनमधून बंद पडणाऱ्या फॅनचा त्रास हा, की गाडी गॅरेजपर्यंत पोचेस्तोवर थंड होते आणि दोष लपून बसतो. मग अंदाजाने पार्ट बदलणं सुरू होतं. म्हणून या लेखातलं मुख्य काम एकच आहे: फॅन थांबलेला आहे आणि इंजिन तापलेलं आहे, नेमक्या त्या क्षणी फॅनपर्यंत करंट पोचतोय की नाही, हे बघायचं. ते कळेपर्यंत एकही पार्ट विकत घेऊ नका. नुकतीच गाडी घेतलेल्यांना आणि मल्टिमीटर पहिल्यांदाच हातात धरणाऱ्यांनाही जमेल अशा बेताने खाली सगळं लिहिलं आहे.

रस्त्यातच काटा चढला तर

दोष शोधण्याआधी इंजिन वाचवा. काटा नेहमीच्या जागेवरून वर जाताना दिसला की पहिल्यांदा एसी बंद करा. मग हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर सगळ्यात जोरात. ४२ अंशांच्या उन्हात हीटर लावायचा म्हटलं तर जिवावर येतं, पण हीटरची जाळी म्हणजे एक छोटा रेडिएटरच असतो, आणि इंजिनची बरीच उष्णता तो बाहेर काढतो. काचा खाली करा. काटा नुसता सरकतोय, लाल पट्ट्याच्या बराच खाली आहे आणि पुढं रस्ता मोकळा आहे, तर ताशी ५०-६० च्या वेगाने चालत राहिल्यावर समोरच्या वाऱ्याने रेडिएटर बहुतेक वेळा थंड होतो. पण काटा लाल पट्ट्यात गेला, लाल दिवा लागला किंवा बॉनेटमधून वाफ दिसली, तर एक मीटरही पुढं नेऊ नका. बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा.

रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. झाकणाखाली साधारण १ बार जादा दाब असतो. त्या दाबामुळंच आतलं पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब जातो, पाणी एकदम उकळून कारंज्यासारखं वर येतं आणि हात-तोंड भाजतं. किमान पाऊण तास थांबा. तापलेल्या इंजिनवर गार पाणीही ओतू नका, इंजिनचं हेड (सिलिंडरवरचा भाग) वाकतं किंवा त्याला तडा जातो. हेडचं काम निघालं तर त्या पैशात कितीतरी फॅन आले असते.

आजकालच्या बऱ्याच गाड्यांत काटा नसतोच. थंड असताना निळा दिवा आणि जास्त तापल्यावर लाल दिवा, एवढंच. लाल दिवा लागेपर्यंत उशीर झालेला असतो. अशा गाडीसाठी ब्लूटूथचं छोटं स्कॅनर यंत्र घ्या. ते स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसतं आणि मोबाइलवर कूलंटचं, म्हणजे रेडिएटरमध्ये फिरणाऱ्या द्रवाचं, नेमकं तापमान दाखवतं. या कामासाठी यापेक्षा उपयोगाची वस्तू दुसरी नाही.

दोष फॅनचाच आहे का, ते आधी ठरवा

गाडी कधी तापते यावर सगळं अवलंबून आहे. ताशी ६०-७० च्या वर समोरून येणारा वाराच रेडिएटरला पुरतो, फॅनची गरज जवळजवळ राहत नाही. म्हणून फॅनचा दोष मोकळ्या रस्त्यावर लपतो. समृद्धी महामार्गावर जालन्यापर्यंत गाडी निवांत येते आणि खाली उतरून शहरातल्या गर्दीत शिरली, की दहा मिनिटांत तापते. किंवा रेल्वे फाटकावर, ऊसाच्या ट्रॅक्टरमागं, घाटात ट्रकच्या रांगेत. हळू चालताना किंवा उभी असताना तापते आणि वेग घेतला की उतरते, असं असेल तर संशय फॅनवर.

उलट वेगात तापते आणि हळू चालवल्यावर सुधारते, तर फॅनला दोष देऊ नका. रेडिएटर आतून चोंदलेला असेल, थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी झडप) पूर्ण उघडत नसेल किंवा वॉटर पंप कमी पडत असेल. दोन्ही वेळेला तापते, तर आधी कूलंट किती आहे ते बघा.

कूलंट कमी असलं तरी फॅन लागत नाही, हे मात्र बऱ्याच जणांना माहीत नसतं. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असला तरच खरं तापमान सांगतो. पाणी खाली जाऊन त्याच्याभोवती हवा साचली, की तो कमी तापमान सांगतो, आणि इंजिन तापत असतानाही फॅनला हुकूम जात नाही. कूलंट भरलं की फॅन ‘बरा’ होतो, आणि पंधरा दिवसांनी गळतीमुळं परत तेच. म्हणून गाडी थंड असताना, सकाळी, बाटलीतली पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे का बघा. कमी होत असेल तर आधी गळती शोधा.

यातच आणखी एक. आपल्याकडं बोअरच्या पाण्यात क्षार किती असतात ते माठाला आणि गिझरच्या कॉइलला बसलेल्या पांढऱ्या थरावरून दिसतंच. तेच पाणी रेडिएटरमध्ये घातलं तर तोच थर आतल्या बारीक नळ्यांत बसतो. अडचणीच्या वेळी घालावंच लागलं तर घाला, पण घरी आल्यावर ते काढून टाका आणि कूलंट व डिस्टिल्ड वॉटर कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात भरा. तयार मिसळलेलं कूलंट घेतलं असेल तर त्यात पाणी घालू नका.

हात लावण्याआधी डोळ्यांनी बघा

इंजिन थंड, चावी बाहेर, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढलेलं. हे शेवटचं टाळू नका, कारण काही गाड्यांत चावी बंद असतानाही फॅन आपोआप सुरू होतो आणि पातं बोट सोलून काढतं. इंजिन चालू असताना बघत असाल तर ओढणी, पदर, उपरण्याचं टोक, सगळं आवरून घ्या.

टॉर्च घेऊन समोरून बघा. रेडिएटरच्या पुढं एसीचा कंडेन्सर असतो, आणि आपल्या भागात तो फार भरतो. कापसाच्या हंगामात मानवत-सेलूकडं जिनिंगला जाणाऱ्या गाड्यांमागून गेलात तर जाळीवर तंतूंचा पांढरा थर बसतो, त्यावर काळ्या मातीची धूळ चिकटते, आणि गोणपाट लावल्यासारखी जाळी बंद होते. ऊसतोडीच्या दिवसांत पाचटाचे तुकडे अडकतात. अशा वेळी फॅन चांगला असला तरी गाडी तापते. इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला साध्या पाइपने हलक्या धारेचं पाणी मारा. वॉशिंग सेंटरची जोराची धार लावली तर पातळ पत्रे वाकतात आणि हवा कायमची अडते.

मग फॅनचं पातं हाताने फिरवा. ते हलकं फिरलं पाहिजे आणि सोडल्यावर थोडं पुढं जाऊन थांबलं पाहिजे. जड जातंय, खरखरतंय, वर-खाली हलतंय, तर मोटारीचा बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी) गेला. शेवटी वायरी बघा. शेतातल्या घरी किंवा गोठ्याजवळ गाडी उभी राहत असेल तर उंदरांनी कुरतडलेली वायर सापडण्याची शक्यता भरपूर. वरून साल शाबूत आणि आतली तार दोन-तीन काड्यांवर आलेली, असंही असतं.

करंटची वाट समजून घ्या

शेतातल्या मोटारीचा स्टार्टर ज्याने बघितला आहे त्याला ही गोष्ट लगेच कळेल. आपण हिरवं बटण दाबतो, त्या बटणातून पंपाचा सगळा करंट जात नाही. बटण फक्त एका कॉइलला जागं करतं, कॉइल खट्कन पट्टी ओढते, आणि जाड पट्टीतून मोटारीला करंट मिळतो. गाडीतला रिले म्हणजे हाच स्टार्टर, काड्यापेटीपेक्षा लहान.

म्हणजे वाटा दोन. जाड वाट: बॅटरीपासून मोठ्या फ्यूजमधून, रिलेच्या पट्टीतून, कपलरमधून मोटारीत, आणि मोटारीतून अर्थ होऊन बॉडीला. या वाटेने साधारण १० ते २० अँपिअर जातात, म्हणून फ्यूजही बहुतेक ३० किंवा ४० अँपिअरचा असतो. बारीक वाट: कूलंटचा सेन्सर तापमान कळवतो, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) ते बघतो, आणि ठरलेल्या तापमानाला रिलेच्या कॉइलला जागं करतो. जुन्या गाड्यांत ईसीएमऐवजी रेडिएटरमध्येच बसवलेला थर्मोस्विच असतो, तो तापला की आपोआप जोडला जातो. शिवाय एसी लावला की बहुतेक गाड्यांत फॅनला वेगळा हुकूम जातो, मग इंजिन थंड का असेना.

जाड वाटेवरचे दोष जास्त आढळतात. जिथं करंट जास्त, तिथं सैल जोड तापतो, तापून आणखी सैल होतो, आणि आणखी तापतो. नवीन माणूस मात्र सेन्सरपासून सुरुवात करतो, कारण सेन्सर बदलायला सोपा असतो आणि दुकानदारही तोच पुढं करतो.

तुमच्या फॅनच्या कपलरला दोनच जाड वायरी असतील तर पुढचं सगळं जसंच्या तसं लागू आहे. जाड वायरींबरोबर एखादी बारीक वायरही थेट फॅनला गेली असेल तर वेग ठरवणारं सर्किट फॅनवरच बसवलेलं आहे. तिथं प्लसला करंट सदाच असू शकतो, आणि तपासणी चांगला स्कॅनर असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावी.

आधी एसीची परीक्षा

गाडी सुरू करा, एसी लावा, बॉनेट उघडून ऐका. काही सेकंदांत फॅन लागला, तर त्या क्षणी तरी मोटार, फ्यूज आणि जाड वाट ठीक आहे. एसीवर नेहमी लागतो पण नुसत्या तापमानावर कधीकधी लागत नाही, असा नमुना सापडला तर सेन्सरकडं वळा. दोन्ही वेळेला दगा देतो, तर जाड वाट. तुमच्या गाडीला दोन फॅन किंवा दोन वेग असतील तर जरा सांभाळून, एसीचा आणि तापमानाचा रिले वेगळा असू शकतो. दोन वेगांच्या फॅनमध्ये हळू वेगाचा रेझिस्टर जळाला तर फॅन बंद पडल्यासारखाच वाटतो. तो थेट जोरात लागतो, पण उशिरा, बरंच तापल्यावर.

दोषाला समोर आणा

गाडी मोकळ्या हवेत उभी करा. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही, धूर जीव घेतो. हँडब्रेक, न्यूट्रल, एसी बंद. मोबाइलवर तापमान लावून ठेवा आणि वहीत लिहा: किती अंशांना फॅन लागला, किती अंशांना थांबला. बहुतेक गाड्यांत तो ९५ ते १०५ च्या दरम्यान कुठंतरी लागतो आणि पाच-सात अंश उतरले की थांबतो. तुमच्या गाडीचा आकडा तुमच्या वहीतून कळेल. फॅन एकदा लागून थांबला की एक फेरी. एक-दोन फेऱ्यांवर समाधान मानू नका, सहा-सात होऊ द्या. दुपारी दोन वाजता करा, सकाळी नाही. माझ्या गाडीत पहिल्या चार फेऱ्या सुरळीत व्हायच्या आणि बॉनेटखालचं सगळं नीट तापल्यावर पाचव्या फेरीला फॅन दगा द्यायचा. मिस्त्री तीन फेऱ्या बघून थांबले होते. तापमान ११० च्या पुढं जायला लागलं तर हट्ट करू नका, गाडी बंद करा.

घरी उभ्या गाडीत दोष येतच नाही, असंही होतं. कारण रस्त्यावरचे हादरे घरी नसतात. मग पुढची युक्ती.

डॅशबोर्डवरचा दिवा

जिंतूर रोडवरच्या एका म्हाताऱ्या वायरमन मामांनी ही मला शिकवली, आणि माझा दोष तिनेच सापडला. ५ वॅटचा साधा तारेचा बल्ब घ्या, पार्किंगच्या दिव्यात असतो तो. त्याला दोन लांब वायरी जोडा, प्लसच्या वायरीत ५ अँपिअरचा फ्यूज घाला. कपलरच्या मागच्या बाजूने, रबराच्या कडेने, दोन बारीक टाचण्या सरकवून प्रत्येक पिनेला एक वायर लावा आणि टेपने घट्ट करा. टाचण्या एकमेकींना किंवा बॉडीला लागू देऊ नका. वायरी पात्यापासून आणि सायलेन्सरच्या पाइपपासून दूर बांधा, बॉनेटच्या कडेने काढून खिडकीतून आत घ्या आणि बल्ब डॅशबोर्डवर चिकटवा. झालं. फॅनला करंट गेला की दिवा लागणार.

वायर दोन्ही पिनांच्या मध्येच लावायची, एक पीन आणि बॉडी असं नाही. काही गाड्यांत रिले अर्थच्या बाजूला असतो, तिथं प्लस कायम जिवंत असतो आणि बॉडीवर लावलेला दिवा फसवतो. एलईडीही नको. वेगात वाऱ्याने पातं फिरतं तेव्हा मोटार स्वतःच थोडी वीज तयार करते आणि एलईडी उगाच लुकलुकतो.

आता आठवडाभर नेहमीसारखी गाडी चालवा. ज्या वेळी काटा चढेल त्या वेळी दिव्याकडं बघा, गाडी बाजूला घ्या, बॉनेट उघडून फॅनकडं बघा. काटा लाल पट्ट्यात गेला नसेल तर इंजिन लगेच बंद करू नका, तेवढं अर्धं मिनिट पुरतं.

दिवा लख्ख आणि फॅन थांबलेला: दोष कपलरच्या फॅनकडच्या बाजूला, म्हणजे मोटारीत किंवा तिच्याकडच्या पिनेत. दिवा मंद आणि फॅन थांबलेला किंवा रखडत फिरणारा: जाड वाटेवर कुठंतरी जोड सैल आहे किंवा मोटार जाम होऊन करंट ओढतेय. दिवाच नाही: करंट निघालाच नाही किंवा वाटेत तुटला. अर्धा शोध इथं संपतो.

दिवा लख्ख, फॅन ठप्प

लाकडी दांडा घ्या, पात्यापासून हात लांब ठेवून मोटारीच्या पाठीवर दोन हलक्या टिचक्या मारा. फॅन सुरू झाला तर कार्बन (मोटारीच्या फिरत्या भागाला करंट देणारे तुकडे) झिजलेत, हे जवळजवळ नक्की. माझ्या मेव्हण्यांच्या गाडीत हेच निघालं. येडशीच्या घाटात थांबलेला फॅन स्पॅनरच्या मुठीच्या एका टोल्याने फिरायचा. मोटार उघडली तेव्हा आतून चमचाभर काळी पूड पडली. चार कार्बनपैकी एक इतका आखूड झाला होता, की त्याची स्प्रिंग त्याला कम्युटेटरपर्यंत (कार्बन ज्यावर घासतात त्या तांब्याच्या गोल भागापर्यंत) ढकलूच शकत नव्हती. पातं एका विशिष्ट जागी थांबलं तरच तो कार्बन आडवा यायचा, एरवी मोटार उत्तम चालायची. अधूनमधूनचा दोष असा तयार होतो.

टोल्याने सुरू झाला म्हणून तसंच चालवत राहू नका. मोटार काढून बॅटरीवर ३० अँपिअरचा फ्यूज घालून डायरेक्ट चालवा. थांबवा, पातं पाव फेरा हाताने पुढं सरकवा, परत लावा. असं आठ-दहा जागांवरून ती सुटते का बघा. एकाही जागी अडली तर दोष पक्का. मग पंधरा मिनिटं सलग चालवा आणि वास, आवाज, गरमपणा बघा. काही मोटारी गरम झाल्यावरच अडतात. मोटार नुसती धरायची नाही, शिकंज्यात किंवा तिच्या चौकटीतच घट्ट बसवायची, सुरू होताना ती जोरात उसळी घेते.

नवी मोटार घ्यायची का कार्बन बदलायचे? कम्युटेटर गुळगुळीत असेल आणि बुशमध्ये खेळ नसेल तर कार्बन बदलून मोटार छान चालते, आणि मोटार रिवाइंड करणारे ते सहज करून देतात. कम्युटेटरवर खाचा पडल्या असतील किंवा पातं हलत असेल तर त्यावर पैसे घालू नका, चांगल्या दर्जाची नवी घ्या. मोटार उघडण्याआधी मात्र कपलर बघा. ते पुढं येतंच आहे.

दिवा मंद, किंवा लागतच नाही

आता जाड वाट चालत जायची, फॅनकडून बॅटरीकडं.

कपलर उघडा (दिवा लख्ख असून फॅन ठप्प असेल तेव्हाही) आणि दोन्ही बाजू उन्हात धरून बघा. माझ्या कपलरचं पांढरं प्लास्टिक एका पिनेभोवती तपकिरी झालेलं होतं, भाकरीला डाग पडावा तसं. त्या पिनेची पितळी जीभ फाकलेली होती. थंड असताना ती कशीबशी टेकायची, तापल्यावर पसरून अंतर पडायचं, आणि गार झाल्यावर परत टेकायची. म्हणून रसवंतीवर बसलं की फॅन बरा व्हायचा. हिरवट बुरशीसारखा थर दिसला तर पाणी शिरलंय. अशी पीन घासून आणि दाबून परत बसवणं म्हणजे महिनाभराची सोय. कपलर दोन्ही बाजूंनी नवा घाला, वायर मूळ जाडीची ठेवा, पीन दाबून घट्ट बसवा, नुसती वायर पिळून टेप गुंडाळू नका.

अर्थची वायर बॉडीला जिथं बोल्टने बसते ती जागा सोडवा, रंग आणि गंज घासा, परत आवळा. फॅन थांबलेला असताना दिव्याची निगेटिव्ह बाजू बॉडीला टेकवल्यावर दिवा लागला, तर दोष अर्थकडच्या बाजूलाच आहे (रिले अर्थच्या बाजूला असेल तर त्या बाजूला रिलेही आला).

फ्यूज काढून त्याचे दोन्ही पाय बघा. मधली तार शाबूत असते पण एक पाय काळवंडलेला असतो, म्हणजे फ्यूज बॉक्समधली खाच सैल आहे. नवा फ्यूज घालून ते सुधारत नाही. आणि फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठ्या अँपिअरचा घालायचा नाही. मोटार जाम होतेय, ते शोधा.

रिले बदलून बघणं सोपं आहे, कारण त्याच बॉक्समध्ये हॉर्नचा किंवा दुसरा एखादा रिले बऱ्याचदा त्याच नंबरचा असतो. नंबर आणि पिनांची मांडणी तंतोतंत जुळली तरच अदलाबदल करा. रिलेचा ‘टिक’ आवाज आला म्हणजे रिले चांगला, असं समजू नका. कॉइल ओढते तेव्हा टिक होतं, पण आतली पट्टी जळून खरबरीत झाली असेल तर करंट पार होत नाही.

मल्टिमीटर इथं असा वापरा: फॅन चालू असताना मीटर डीसी व्होल्टवर ठेवून रिलेच्या ३० आणि ८७ या दोन पिनांवर त्याची टोकं लावा. आकडा ०.२ व्होल्टच्या आत हवा. अर्थची पीन आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यातही तेवढाच. जास्त आला तर तिथं करंट अडतोय. फॅन काढून नुसत्या कपलरवर १२ व्होल्ट बघून खूश होऊ नका. एका केसाएवढ्या काडीतूनही मीटरला १२ व्होल्ट दिसतात, पण त्या काडीतून १५ अँपिअर जात नाहीत. म्हणून मामा जुन्या हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब खिशात ठेवायचे. तो कपलरवर लावला की साडेचार अँपिअर ओढतो आणि खोटी वाट लगेच उघडी पडते. मात्र हा मोठा बल्ब ईसीएमच्या किंवा सेन्सरच्या बारीक वायरींना कधीही लावू नका, ईसीएम जळेल.

बारीक वाट आणि सेन्सर

जाड वाट निर्दोष निघाली तरच इकडं या. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चावी पहाटे नुसती ऑन करा आणि मोबाइलवर कूलंटचं तापमान बघा. ते बाहेरच्या हवेच्या जवळपास असायला हवं. बाहेर २६ आणि सेन्सर सांगतोय ११, तर सेन्सर किंवा त्याची वायर खोटं बोलतेय. गाडी चालवताना आकडा ९० वरून एकदम ६० आणि परत ९१ असा उडी मारत असेल तर कपलर हलवून बघा, आकडा नाचला तर सैल पीन.

दुसरी परीक्षा: इंजिन चालू ठेवून सेन्सरचा कपलर काढा. पुष्कळ गाड्यांत ईसीएम सावध होऊन फॅन पूर्ण वेगात लावतो. तसं झालं तर ईसीएम, रिले, मोटार सगळे कामाचे आहेत. इंजिनचा पिवळा दिवा लागेल, तो नंतर स्कॅनरने घालवा.

सेन्सर काढून जुन्या पातेल्यात पाणी तापवूनही बघता येतो. साध्या दोन तारांच्या सेन्सरचा रेझिस्टन्स गार पाण्यात दोन-तीन हजार ओहम असतो आणि पाणी उकळायला येईपर्यंत दोन-तीनशेच्या आसपास उतरतो. नेमका आकडा गाडीगणिक वेगळा, पण उतार सलग हवा. मध्येच गचका बसला तर सेन्सर बाद.

‘डायरेक्ट करून देतो’

दोष सापडत नाही असं झालं की कुणीतरी म्हणतंच, “भाऊ, स्विच टाकून फॅन डायरेक्ट करून देतो, टेन्शनच नाही.” घाटाखाली अडकलात आणि घरी पोचायचं आहे, तर एका दिवसासाठी फ्यूज घालून हे ठीक आहे. कायमचं करू नका. फॅन सतत फिरला तर मोटार लवकर झिजते. स्विच लावायचा विसरलात तर त्याच दिवशी हेड जातं. आणि बारीक वायरीतून, रिले आणि फ्यूजशिवाय डॅशबोर्डपर्यंत आणलेला १५ अँपिअरचा करंट म्हणजे गाडीत आग ठेवून फिरणं आहे. अशी वायरिंग असलेली जुनी गाडी विकत घेतली असेल तर पहिल्या आठवड्यात ती काढून मूळ वाट परत जोडून घ्या.

दुरुस्तीनंतर

वायरमनकडं जाताना ‘फॅन बघा’ एवढंच सांगू नका. वहीचं पान दाखवा: “मामा, पाचव्या फेरीला, १०३ अंशांना, फॅन थांबलेला होता आणि दिवा लख्ख होता.” एवढं ऐकल्यावर चांगला कारागीर थेट मोटारीकडं आणि तिच्या कपलरकडं हात घालतो, आणि तुमचा अर्धा दिवस वाचतो.

काम झाल्यावर परत भर दुपारी सहा-सात फेऱ्या मोजा, एकदा एसी लावून, एकदा न लावता. मग मुद्दाम गर्दीत न्या. छत्रपती संभाजीनगरला असाल तर सिडकोपासून क्रांती चौकापर्यंत संध्याकाळी, लातूरला असाल तर गंजगोलाईच्या भोवती. डॅशबोर्डवरचा दिवा अजून पंधरा दिवस काढू नका. दिवा लागला की फॅनचा आवाज येतोय, असं रोज जुळत राहिलं तर टाचण्या काढा, त्यांच्या जागी पाणी शिरू नये म्हणून कपलरमागचं रबर नीट बसवा, आणि तो बल्ब एका जादा रिले आणि ३० अँपिअरच्या फ्यूजबरोबर पिशवीत घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा.